लाल पेन जरा खाली ठेव

मधू, तुझा निरोप सकाळीच वाचला, सोबतचा स्क्रीनशॉटही बघितला. सोसायटीच्या ग्रुपवर सचिवांनी दहावी पास झालेल्या पोरांना ‘उज्वल भविष्यासाठी हार्दिक शुभेच्छा’ दिल्या आणि त्याखाली तू लिहिलंस, ‘उज्ज्वल. दोन ज.’ पुढे एक हसरा चेहरा. मग सचिव गप्प, बाकीचे गप्प, आणि रात्री कुणीतरी नाव न घेता टाकलं की काही जणांना दुसऱ्याच्या चुका काढण्यापलीकडे उद्योग नसतो. आता तू मला विचारतेस, ‘ताई, माझं काय चुकलं? असतात की नाही दोन ज?’

असतात गं. उत् आणि ज्वल यांचा संधी, म्हणून उज्ज्वल. कोणताही कोश उघड, तुझ्याच बाजूने निकाल देईल. पण एवढ्यासाठी तू मला रात्री साडेअकराला निरोप पाठवला नसतास. बरोबर असूनही आपण वाईट कसे ठरलो, हे तुला खुपतंय. तर ऐक. लोकांच्या चुका काढून पगार घेणाऱ्या तुझ्या बहिणीचं या बाबतीत काही ऐकण्यासारखं असेल असं मला वाटतं.

माझ्या टेबलावर प्रूफ येतं तेव्हा ते लेखकाने आपण होऊन पाठवलेलं असतं. मी समासात खूण करते, रेघ ओढून शब्दापर्यंत नेते, शंका असली तर बाजूला प्रश्नचिन्ह टाकते. आता बहुतेक सगळं पडद्यावरच होतं, पण रीत तीच. ते प्रूफ परत लेखकाकडे जातं आणि पुस्तक निघतं. वाचणाऱ्याला कधीच कळत नाही की ‘परिक्षा’ होतं आणि मी ‘परीक्षा’ केलं. लेखक आणि मी, दोघांत ती गोष्ट राहते. कितीतरी मोठ्या नावांच्या वेलांट्या मी जागेवर बसवल्या आहेत आणि त्यांतलं एकही नाव तुला सांगणार नाही. या धंद्यातली अब्रू त्यावरच चालते.

तू जे केलंस ते प्रूफ नव्हतं. सचिवांनी मागितलेलं नव्हतं, मजकूर छापायला जायचा नव्हता, आणि तुझी खूण सगळ्या सोसायटीने पाहिली, ज्या पोरांचं कौतुक चाललं होतं त्यांनीसुद्धा. कौतुकाच्या निरोपाखाली चर्चा ‘ज’ची झाली. सचिवांच्या जागी मी असते तर मीही गप्पच बसले असते, आणि पुढच्या वर्षी शुभेच्छा इंग्रजीत टाकल्या असत्या. हे तू लक्षात घे. मराठी लिहिताना चारचौघांत कान पिळला गेला की लोक मराठी शुद्ध लिहायला लागत नाहीत, ते इंग्रजीकडे वळतात. तिथे आपण सगळे चुकतो आणि कुणीच कुणाला बोलत नाही.

शिवाय हे लोक लिहितात कसे, ते तरी बघ. फोनवर मराठी लिहिणारे कितीतरी जण इंग्रजी अक्षरांतून लिहितात. डी, आय, पी असं दाबत गेलं की फोन अंदाजाने ‘दिपावली’ किंवा ‘दीपावली’ पुढे करतो. त्या एका ‘आय’मधून पहिली वेलांटी काढायची की दुसरी, हे फोन ठरवतो. बोट घाईत जे रूप निवडतं तेच तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या खेपेला तेच सगळ्यात वर आणतो. एकदा ‘दिपावली’ निवडलं की दर दिवाळीला ‘दिपावली’. बोलून लिहिणाऱ्यांची आणखी वेगळी तऱ्हा. फोन हिंदीवर लावलेला असला तर माणूस बोलतो मराठी आणि उमटतं भलतंच.

आणि तो ‘दुसऱ्या’मधला र! लोक जिथे तिथे ‘दुसर्‍या’च्या जागी रफार देऊन ‘दुसर्या’ लिहितात म्हणून तू गेल्या वर्षी चिडली होतीस. सरळ लिहीत गेलं की फोन तिथे रफारच देतो. तो आडवा अर्धा र आणायचा तर कीबोर्डच्या कोपऱ्यात दडलेला, खाली टिंब असलेला ‘ऱ’ शोधावा लागतो, नाहीतर मध्ये एक डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह घालावं लागतं. ते चिन्ह एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे चिकटवताना कधी कधी गळून पडतं. म्हणजे लिहिणाऱ्याने बरोबर लिहिलेलं असतं आणि तुझ्या पडद्यावर ते चूक होऊन येतं. सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो आणि लग्नातल्या आचाऱ्यांचे एकदम आचार्य होतात. अशा वेळी तू कुणाला शिकवणार, लिहिणाऱ्याला की त्याच्या फोनला?

चौकातल्या फ्लेक्सचंही तेच. ‘अभिष्टचिंतन’ पाहून तुझ्या कपाळाला आठ्या पडतात, माझ्याही पडतात. पण तो मजकूर कार्यकर्त्याने रात्री फोनवर पाठवलेला असतो, डीटीपीवाल्या पोराने तो जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप केलेला असतो, आणि साहेब बाहेर पडायच्या आत तो बांबूवर चढायला हवा असतो. साहेबांचा फोटो नीट आलाय ना, एवढंच बघायला वेळ असतो. त्या पोराला तू ‘अभीष्ट’मधली दुसरी वेलांटी समजावलीस तर तो बिचारा ‘हो मॅडम’ म्हणेल आणि पुढचा फ्लेक्स घेईल.

आता तुला जरा आवडणार नाही असं बोलते. ज्या नियमांच्या जोरावर आपण दोघी एवढ्या ताठ्याने वावरतो ते काही आभाळातून पडलेले नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम महाराष्ट्र सरकारने १९६२ मध्ये मान्य केले, १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ घातले. झाले १८. माणसांनी बसून, वाद घालून केलेले. आईच्या ट्रंकेत आजोबांची पत्रं आहेत, पुढच्या वेळी आलीस की काढून बघ. ‘पांच’, ‘नांव’, ‘नाहीं’, ‘घरांत’, ‘कां’. पानभर अनुस्वार. आज ते पान माझ्याकडे आलं तर मी एकेक टिंब उडवीन. आणि आजोबांच्या शाळेत मी ती उडवली असती तर मास्तरांनी माझ्याच हातावर छडी मारली असती. न उच्चारले जाणारे ते अनुस्वार नव्या नियमांनी काढून टाकले, एवढंच. ‘कवि’ ऱ्हस्व होता, तो सुटा लिहिताना दीर्घ ‘कवी’ झाला. समासात मात्र अजून ‘कविसंमेलन’च. ‘परिस्थिती’मध्ये ‘परि’ ऱ्हस्व, ‘परीक्षा’मध्ये दीर्घ, कारण तिथे पुढे ‘ईक्षा’ आहे. ‘गरीब’ दीर्घ, पण ‘गरिबाला’ ऱ्हस्व; ‘शरीर’ मात्र ‘शरीराला’ झालं तरी दीर्घच, कारण तो संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. हे सगळं ज्याला तोंडपाठ नाही तो अडाणी, असं म्हणायला माझी तरी जीभ धजत नाही. संस्कृत कानावर पडलेल्या घरात वाढलेल्याला हे सोपं जातं. बाकीच्यांना शब्द कुठून आला याची कुंडली माहीत असायचं कारणच काय?

त्याच्याही मागे जायचं तर मोडी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेत. त्या मोडीत वेलांटी एकच आणि उकारही एकच. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच नाही. मोहिमा निघाल्या, वसुली झाली, तह झाले, वाटण्या झाल्या, आणि पहिली की दुसरी असं कुणी कुणाला विचारलं नाही.

शुद्धलेखन गुंडाळून ठेवा असं मी म्हणत नाहीये हं. माझं पोट त्यावर आहे, आणि पोटाचं सोड, मला ते आवडतं. एकसारखं लिहिलेलं पान डोळ्यांना अडत नाही, वाचणारा अर्थावर राहतो. छापील मजकुराला, पाठ्यपुस्तकाला, कायद्याच्या कागदाला नियम हवेतच. मला खटकतं ते इतकंच की जो नियम पानासाठी केला तो आपण माणसाला लावतो.

आणि हे काही फोन आल्यापासूनचं नाही. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ आलं. पुढच्या वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली. त्या मालेत शास्त्रीबुवांनी फुल्यांच्या लिखाणाचा समाचार घेतला, आणि त्यात त्यांच्या भाषेची, व्याकरणाची खिल्ली उडवायला ते विसरले नाहीत. फुले विचारत होते की शूद्रातिशूद्रांना शिकू का दिलं नाही. समोरून बोट दाखवलं जात होतं त्यांच्या व्याकरणावर. ज्यांना शाळेच्या दाराशी अडवलं त्यांनाच पुन्हा शाळेतल्यासारखं लिहिता येत नाही म्हणून हसायचं, ही केवढी सोय! चिपळूणकर फार मोठे गद्यकार, त्यांचं वाक्य आजही वाचताना मी मान डोलावते. पण त्या वादात मला त्यांच्या बाजूला उभं राहवत नाही. पुढे फुल्यांचं समग्र वाङ्मय राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापलं. त्यांच्या विभक्ती तपासत आता कुणी बसत नाही.

म्हणून वाद चालू असताना कुणाचं शुद्धलेखन काढायचं नाही. ही एक गोष्ट मात्र मी तुला मोठी बहीण म्हणून दटावून सांगते. फेसबुकवर नाशिककडचा कुणी शेतकरी लिहितो की कांद्याला भाव नाही, काढणीची मजुरीसुद्धा निघत नाही, आणि खाली कुणी शहाणा येऊन लिहितो, ‘आधी शेतकरी या शब्दाचं सामान्यरूप लिहायला शिका.’ का, तर त्याने ‘शेतकर्यांनी’ लिहिलंय. म्हणजे त्या फोनच्या रफाराचं बिल बिचाऱ्याच्या नावावर! कांद्याच्या भावाबद्दल उत्तर नसलं की असं होतं. तुझं त्याच्याशी पटत नसेल तर कांद्यावर भांड, आकडे दे, हमीभावावर बोल. वेलांटीच्या आडून भांडू नकोस.

बोलीचं तर त्याहून नाजूक. तुला ‘मला पुस्तक भेटलं’ ऐकवत नाही. वस्तू मिळते, माणूस भेटतो, हे आपल्याला शाळेत बाईंनी घोकून घेतलं. पण मराठवाड्यात, विदर्भात, आणि आता मुंबईतसुद्धा कितीतरी घरांत वस्तूही भेटतेच. नागपूरचा माणूस ‘मी जाऊन राहिलो’ म्हणतो तेव्हा तो कुठे राहत नाही, तो निघालेला असतो. त्यात चूक काय? आपण ज्याला प्रमाण म्हणतो तीही एका भागातल्या, एका थरातल्या लोकांच्या बोलण्यावरच उभी आहे. आणि ‘ण’चा ‘न’ झाला की लोक जे हसतात ना, ते उच्चाराला हसत नाहीत. आडनाव विचारायचं टाळून ते आडनावच ओळखत असतात. बहिणाबाई चौधरींना अक्षर येत नव्हतं. त्या गेल्यावर, १९५२ मध्ये, मुलाने, सोपानदेवांनी, आचार्य अत्र्यांच्या पाठबळाने त्यांची गाणी छापून आणली, ती त्यांच्या खानदेशी बोलीत. बरं झालं तेव्हा कुणी त्यातले ‘न’ काढून ‘ण’ घातले नाहीत.

आमच्या ऑफिसात एक मावशी आहेत. चहा, झेरॉक्स, कुरिअर, सगळं त्यांच्याकडे. सातवीत शाळा सुटली. मुलीने फोन घेऊन दिला, ऑफिसच्या ग्रुपवर त्यांना घेतलं. एकदा मी त्यांच्या शेजारी बसले होते. कुणाचा तरी वाढदिवस होता. मावशींनी लिहिलं ‘वाढदीवसाच्या’. थांबल्या. पुसलं. ‘वाढदिवसाच्या शुबेच्छा’. पुन्हा थांबल्या, माझ्याकडे बघितलं नाही, पण मी बघतेय हे त्यांना कळलं होतं. सगळं पुसलं आणि केकचं चित्र पाठवून दिलं. ग्रुपवर त्यांचं आजपर्यंत एक वाक्य नाही, केक आणि हात जोडलेले नमस्कार आहेत. त्या बोलायला लागल्या की अख्खं ऑफिस हातातलं काम टाकून ऐकतं. बाजूच्या इमारतीतल्या वॉचमनच्या भानगडीची गोष्ट त्यांनी ज्या थाटात सांगितली, ती माझ्याकडे प्रुफाला येणाऱ्या निम्म्या कथाकारांना जमणार नाही. ती त्यांनी लिहून पाठवावी असं मला फार वाटतं. पण ग्रुपवर आम्ही तीन प्रूफ तपासणाऱ्या बसलोय ना!

कुणाच्या मयताच्या बातमीखाली ‘भावपुर्ण श्रध्दांजली’ दिसलं तर काय, हे मी तुला सांगायला नको. तसं करणारे लोक आहेत, एवढंच म्हणते आणि पुढे जाते.

मग कधी बोलायचंच नाही का? बोलायचं की. काही ठिकाणी गप्प बसणं हाच दुष्टपणा. शेजारच्या मुलीने नोकरीचा अर्ज लिहून तुला दाखवला आणि तू तिचं मन राखायला ‘छान आहे’ म्हणालीस, तर तू तिचं नुकसान केलंस. पुढच्या टेबलावरचा माणूस तिचं मन राखणार नाही. औषधाच्या वेळा, बैठकीची तारीख, पैशाचा आकडा, यात गडबड दिसली तर तिथल्या तिथे, ग्रुपवरच, सगळ्यांदेखत सांग; तिथे लाजायचं काही नाही. कागदपत्रांतली नावं तर डोळ्यांत तेल घालून बघ. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, आधारवर दुसरं, सातबाऱ्यावर तिसरंच, असं असलं की पुढे प्रतिज्ञापत्रं करा, राजपत्रात नाव छापून आणा, खेटे घाला. तिथे एक वेलांटी खरंच महाग पडते. मात्र कुणी स्वतःचं नाव ‘सुनिल’ लिहितो, ‘निलिमा’ लिहिते, तर ते तसंच ठेव. नियमाने ‘सुनील’, ‘नीलिमा’ हवं, मान्य. पण नाव ज्याचं त्याचं. मी पुस्तकाच्या मुखपृष्ठावरसुद्धा लेखकाला विचारल्याशिवाय त्याच्या नावाला हात लावत नाही.

आणि ज्यांना मराठी लिहिण्याचे पैसे मिळतात त्यांना अजिबात सोडू नकोस. वृत्तवाहिनीच्या खालच्या पट्टीत, सरकारी जाहिरातीत, महामार्गावरच्या पाटीवर, पाठ्यपुस्तकात चूक दिसली तर पत्र लिही, ईमेल कर, फोटो जोड, योग्य रूप आणि नियम सांग, उत्तर येईपर्यंत पाठपुरावा कर. तिथे माणूस तपासायला नेमलेला असतो, निदान असायला हवा. तुझी सगळी धार तिकडे वळव. गंमत म्हणजे सोसायटीच्या सचिवांवर तुटून पडणारे आपण या लोकांना कधी एक ओळ लिहीत नाही, कारण तिथे चार लोक ‘वा!’ म्हणायला हजर नसतात.

घरच्यांशी तर उगाच पेन काढूच नकोस. न्यू जर्सीचा आपला भाचा रविवारच्या मराठी शाळेत जातो, आठवतं ना? त्याने परवा फॅमिली ग्रुपवर लिहिलं, ‘आजी मी तुझा आठवण करतो.’ आत्याने लगेच, ‘तुझा नाही रे, तुझी.’ आईने काय केलं बघितलंस? तिने लिहिलं, ‘मलाही तुझी खूप आठवण येते रे राजा. पुरणपोळीची आठवण येते का?’ आणि त्याने दोन मिनिटांत उत्तर दिलं, ‘हो पुरणपोळीची आठवण येते.’ बरोबर! आत्याचं वाचून तो गप्प झाला होता, आईचं वाचून शिकला. आईने आयुष्यात व्याकरणाचं पुस्तक उघडलं नसेल. हे जमलं तर कर. आपल्या उत्तरात शब्द नीट लिहायचा आणि पुढे जायचं. ज्याला घ्यायचंय तो घेतो.

सांगायचंच झालं तर एकट्याला सांग, आणि आधी कोश बघून सांग. आपल्यासारख्यांना जो एक माज असतो ना, की मला माहीतच आहे, तो फार दगा देतो. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ सगळ्यांच्या ‘पारंपरिक’चं ‘पारंपारिक’ करत सुटले होते, मोठ्या आत्मविश्वासाने. दुसऱ्या एक बाई ‘केलं’, ‘गेलं’वरची टिंबं काढायला लावतात, ‘केले’, ‘गेले’च शुद्ध म्हणून. अहो, बोलण्याच्या भाषेत लिहिताना ती टिंबं बरोबर आहेत, आणि आपण दोघी आत्ता तशाच लिहितोय. म्हणून घरात एखादा तरी कोश ठेव. अरुण फडक्यांचा ‘मराठी लेखन-कोश’ माझ्या डाव्या हाताशी असतो, यास्मिन शेख यांचा ‘मराठी शब्दलेखनकोश’ उजव्या. शेख बाईंनी २०२५ मध्ये वयाची शंभरी गाठली. सगळी हयात मराठी व्याकरणात गेली त्यांची. वाळंब्यांचं ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’ तुझ्याकडे कॉलेजपासून असेलच, कुठल्यातरी खोक्यात.

बोलायचं कसं? ‘तुमचं चुकलंय’ने सुरुवात नको. ‘काका, नोटीस छान झालीय, कामाची आहे. छापायला द्यायच्या आधी तेवढं उज्ज्वल बघाल का, त्यात दोन ज लागतात, फोन हमखास एकच देतो.’ बस. हसरा चेहरा नको. तो चिडवल्यासारखा वाटतो. आणि मजकूर छापायला जाणारच नसेल, तर एवढंही नको.

सचिवांना ग्रुपवर माफीबिफी मागत बसू नकोस, त्याने पुन्हा तेच उकरलं जाईल. जिन्यात भेटतील तेव्हा बोल. मुलांचा सत्कार ठेवलाय का, विचार. मग हळूच म्हण की गणेशोत्सवाची पत्रिका यंदा मला आधी दाखवा, मी नजर टाकते, ताईपण आहे मदतीला. बघ, नाही म्हणायचे नाहीत. अशा कामाला माणूस मिळत नाही म्हणून तर ती पत्रिका दरवर्षी तशी निघते.

आणि तुझी कुणी चूक काढली तर? ‘हो की, धन्यवाद’ म्हण आणि शब्द दुरुस्त करून टाक. नियमांवर वाद घालू नकोस, समोरच्याची चूक शोधायला त्याचे जुने निरोप चाळू नकोस. चाळशील, मला माहितीये. पण पाठवू नकोस.

बरं, एक काम. रेश्माच्या लग्नपत्रिकेचा मसुदा मामाने तुला पाठवलाय म्हणे. त्याने ‘चि. सौ. का.’ लिहिलं असणार, तिथे ‘कां’वर टिंब दे, सौभाग्यकांक्षिणी आहे ती. ‘आगत्याचे’ असेल तर ‘अगत्याचे’ कर, ‘कुर्यात्’चा आणि ‘मंगलम्’चा पाय मोडलाय का बघ. मुलाकडच्यांची नावं मात्र त्यांनी लिहून दिली असतील तशीच ठेव, आणि शंका आली तर त्यांना फोन कर, ग्रुपवर विचारू नकोस. बघून झालं की मला पाठव. छापखानेवाला उद्या दुपारी प्लेट काढणार आहे.